सुंदर विमानाची साक्ष किती मानायची?

सत्य, शिव आणि सुंदर ही तीन नावे आपण एका दमात घेतो आणि जे सुंदर ते खरे व चांगलेही असणार, असे गृहीत धरतो. ही समजूत तपासायला विमान फार उपयोगी पडते, कारण हवेचे नियम डावलून त्याला उडताच येत नाही. १९३६ साली प्रथम उडालेल्या ब्रिटिश स्पिटफायर या लढाऊ विमानाचा लंबवर्तुळाकार पंख आजही मोहात पाडतो. पण रेजिनाल्ड मिचेल आणि बेव्हर्ली शेनस्टोन या अभियंत्यांनी तो शोभेसाठी काढला नव्हता. वेगासाठी पंख पातळ हवा होता आणि दोन्ही पंखांत मिळून आठ मशीनगन व दुमडलेली चाकेही बसवायची होती. या आकारात पंखाची रुंदी बरीच बाहेरपर्यंत टिकते, त्यामुळे जाडी न वाढवता आत जागा मिळते. १९६९ साली उडालेल्या कॉन्कॉर्ड या प्रवासी विमानापुढे प्रश्न वेगळा होता. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारा पंख उतरतानाच्या मंद गतीतही विमान तोलून धरायला हवा होता. त्याची नागमोडी कड त्या वेळी पंखावर हवेचे भोवरे उठवते आणि त्यातून उचल मिळते. दोन्ही रेषा वेगळ्या, तरी दोन्ही सुंदर. कारण दोन्हींत नियमाला दिलेले नेमके उत्तर डोळ्यांना दिसते.

यावर तत्त्ववेत्ता कांट याचा आधार घेऊन कुणी म्हणेल की निखळ सौंदर्याला हेतूची गरज नसते. फूल कशासाठी आहे हे न कळताही ते सुंदर वाटते. हे मान्य. वायुगतिकीचा गंध नसलेल्यालाही स्पिटफायर सुंदर वाटते. पण हेतू ठाऊक नसला म्हणून आकारावर उमटलेली त्याची शिस्त पुसली जात नाही. ती शिस्त डोळा ओळखतो, मग तिचे कारण सांगता येवो वा न येवो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सुंदर विमानही घातक ठरू शकते. डी हॅविलंड कॉमेट हे पहिले जेट प्रवासी विमान देखणे होते. त्याची इंजिने पंखांच्या मुळात लपवलेली होती. १९५४ साली अशी दोन विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. केबिनमधला दाब पुन्हापुन्हा चढत-उतरत राहिल्याने धातू थकला होता, हे कळायला फार्नबरो येथील विमान-संशोधन केंद्रात एका कॉमेटचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून तोच दाब हजाराहून अधिक वेळा द्यावा लागला. म्हणजे सौंदर्य खोटे नव्हते, अपुरे होते. या दोन अपघातांत पंखाने हवेला दिलेले उत्तर चुकले नव्हते. पत्र्यातली भेग मात्र कोणत्याही रसिक नजरेला दिसणारी नव्हती.

आणि शिव? १९४० साली ब्रिटनचे आकाश राखणारे स्पिटफायर सुडौल होते; ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारे चकचकीत बी-२९ विमानही सुडौलच होते. विमान कोणते ओझे वाहते आणि ते कुणावर टाकते, याचा हवेच्या नियमांशी काही संबंध नाही. म्हणून शस्त्राला सुंदर म्हणण्यात पाप नाही. ते सुंदर आहे म्हणून त्याचा वापर क्षम्य मानण्यात आहे. सौंदर्याची साक्ष सत्याच्या एका अंशापुरती ग्राह्य धरावी. उरलेले सत्य चाचणीने शोधावे लागते, आणि शिव माणसालाच ठरवावे लागते. ती जबाबदारी कोणत्याही सुंदर रेषेवर ढकलता येणार नाही.