किती भरले?

जयसिंगपुरात कुणाचा मुलगा अनुदानित शाळेत किंवा कॉलेजात लागल्याची बातमी आली, की लोक आधी विचारतात, 'कुठं लागला?' त्यानंतर लगेच, थोडा आवाज खाली करून, 'किती भरले?' विषय कोणता शिकवणार हे बहुतेक कुणी विचारत नाही.

यातलं 'भरले' हे क्रियापद बघा. लाच देतात किंवा खातात. भरतात ते वीजबिल, फी, सोसायटीचा हप्ता. पैसे 'भरले' म्हटलं की पावती मिळाली असावी असं वाटतं, आणि पावती तर कुणालाच मिळालेली नसते. पुढचा शब्द 'चिकटला'. 'पोरगं चिकटलं एकदाचं.' मग डोनेशन, इमारत निधी, संस्थेला मदत. या सगळ्या शब्दांत लाच हा शब्द कुठेच येत नाही, आणि तो येऊ नये एवढ्यासाठीच बाकीचे इतके शब्द लागतात.

जयसिंगपूर हे दर जाहीरपणे मागणारं गाव आहे. दरवर्षी ऊस हंगामाच्या तोंडावर विक्रमसिंह मैदानावर स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते. हजारो शेतकरी येतात, पहिली उचल किती हवी हे माईकवरून सांगितलं जातं, आणि कारखानदाराला ते ऐकावं लागतं. त्याच मैदानाभोवतीच्या गावांत नोकरीचा दरही सगळ्यांना पाठ असतो. प्राथमिकचा वेगळा, हायस्कूलचा वेगळा, सिनियर कॉलेजचा सगळ्यात वर. पण तो दर माईकवरून कुणी बोलत नाही, कारण इथे शेतकरी विकणारा नसून गिऱ्हाईक आहे. कधी कधी तो उसाची जमीन विकून आलेला असतो.

आता हे विकलं काय जातं ते नीट पाहू. अनुदानित शाळेत किंवा कॉलेजात पगार सरकार देतं आणि नेमणूक संस्था करते. पगार देणारा एक, निवडणारा दुसरा. या दोघांमधली फट, म्हणजे पुढची पंचवीस-तीस वर्षं सरकारी तिजोरीतून येणारा पगार, ही ती विक्रीची वस्तू आहे. संस्थाचालकाच्या खिशातून एक रुपया जात नाही. तो दुसऱ्याच्या मालकीची गोष्ट विकतो. सगळ्याच संस्था हे करतात असं नाही, आणि न करणाऱ्या संस्थांबद्दल लोक आदरानं बोलतात. पण त्या आदरात आश्चर्यही असतं, आणि नियम काय आहे ते त्या आश्चर्यावरूनच कळतं.

ही फट बुजवायचे प्रयत्न झाले. शाळांच्या भरतीसाठी २०१७ मध्ये 'पवित्र' नावाचं पोर्टल आलं. नाव ठेवणाऱ्याच्या धाडसाला दाद द्यायला हवी. खासगी संस्थांना त्यात मुलाखतीचा पर्याय राहिला. गुणवत्तेनुसार ठरावीक उमेदवार संस्थेकडे पाठवायचे आणि शेवटची निवड संस्थेनं करायची. फट अरुंद झाली, बुजली नाही. दुसऱ्या बाजूनं पात्रता परीक्षेलाच भोक पडलं. २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन निकाल बदलल्याच्या आरोपावरून डिसेंबर २०२१ मध्ये पुणे सायबर पोलिसांनी खुद्द परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक केली, आणि २०२२ मध्ये साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये टीईटीच्या तोंडावर आपल्याच जिल्ह्यात, कागल तालुक्यात, मुरगूड पोलिसांनी पेपरफुटीच्या संशयावरून एक टोळी पकडली.

या बातम्या वाचून राग येतो आणि तो बरोबरच आहे. पण मला ज्याचा विचार करायचा आहे तो माणूस या बातम्यांत नाही. त्यानं परीक्षा प्रामाणिकपणे दिलेली आहे.

समजा, शिरोळ तालुक्यातला एक मुलगा. मुलगा कसला, चौतिशीचा माणूस. एमएस्सी, सेट पास. नऊ वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतोय. जेवढे तास तेवढे पैसे, तेही महिनोन्‌महिने थकलेले, सुट्टीत काहीच नाही. लग्नाची बोलणी 'कायम आहेत का?' या प्रश्नापाशी थांबतात. एक दिवस जागा निघते. निरोप येतो. वडील म्हणतात, 'रस्त्याकडचा तुकडा देऊया. तू एकदा लाग.'

तो पैसे भरतो. त्याला विचारलं तर त्याचा बचाव असा असेल: मी पात्र आहे. मी कुणाचं काही चोरलं नाही. नुकसान झालंच असेल तर माझंच झालं, जमीन माझी गेली.

हा बचाव हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०११ मध्ये अर्थशास्त्रज्ञ कौशिक बसू केंद्र सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार असताना त्यांनी एक टिपण लिहून खळबळ उडवली होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जे माझ्या हक्काचं आहे तेच मिळवण्यासाठी मला पैसे द्यावे लागत असतील, तर ती त्रासापोटी दिलेली लाच आहे. तिथे देणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. घेणाऱ्याला दुप्पट शिक्षा करा आणि देणाऱ्याला त्याचे पैसे परत मिळू द्या, म्हणजे देणारा स्वतःच जाऊन तक्रार करेल. नियमात न बसणारं कंत्राट लाटण्यासाठी दिलेली लाच मात्र वेगळी. तिथे दोघंही चोर.

आपला सेट पास माणूस यातल्या कुठल्या खान्यात बसतो? तो म्हणेल पहिल्या. पण रेशनकार्ड आणि जागा यांत एक फरक आहे. मी पैसे देऊन माझं रेशनकार्ड काढलं म्हणून शेजाऱ्याचं कार्ड जात नाही. जागा मात्र एकच असते. मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आणखी दहा-बारा जण बसलेले असतात, तेही सेट-नेट पास, कुणी पीएचडी, आणि त्यांतल्या बहुतेकांकडे रस्त्याकडचा तुकडा नसतो. आतल्या खोलीत तो नाडला गेलेला आहे. बाहेरच्या बाकापाशी येताच तो नाडणाऱ्यांत जमा होतो. बसूंची विभागणी इथे चालत नाही, कारण हा एकच माणूस एकाच व्यवहारात दोन्ही खान्यांत आहे. 'मी पात्र आहे' हे त्याचं वाक्य खरं आहे. ते बाकावरच्या प्रत्येकाचंही तितकंच खरं आहे, आणि म्हणून त्याचा त्याला काही उपयोग नाही.

इथवर मला वाटतं तुमच्यापैकी बरेच जण सहमत होतील. पुढचा प्रश्न अवघड आहे. पैसे भरून लागलेला प्राध्यापक वाईट शिकवतो का?

सोयीचं उत्तर 'हो' असं आहे. ते खोटं आहे. न्यूटनचे नियम फळ्यावर लिहिणाऱ्याच्या चारित्र्याप्रमाणे बदलत नाहीत. पैसे भरून लागलेले आणि जीव तोडून शिकवणारे शिक्षक तुम्हाला माहीत असतील. कदाचित तुम्ही त्यांच्यामुळेच पुढे गेला असाल, आणि त्यांनी भरले होते हे तुम्हाला फार नंतर कळलं असेल. मग बिघडलं काय?

माझ्या मते बिघडतं ते शिकवणं नव्हे. विकली जाते ती त्या माणसाची 'नाही' म्हणायची ताकद.

व्यवहार संपला असं त्याला वाटतं, पण तो संपत नाही. संस्थेला माहीत असतं की यानं भरलेत, आणि याला माहीत असतं की संस्थेला माहीत आहे. मग निवडणूक येते आणि अध्यक्षांच्या प्रचाराला शिक्षकांना वाड्यावस्त्यांवर धाडलं जातं. शिकवायच्या दिवशी मतदारयादी घेऊन फिरायचं, नाही म्हणता येत नाही. बोर्डाच्या परीक्षेत वर्गावर असताना 'जरा सांभाळून घ्या, आपल्या केंद्राचा निकाल आहे' असं सांगितलं जातं. अंतर्गत गुण वाढवायला सांगितलं जातं. नवीन जागा निघाली की त्यालाच मध्यस्थ केलं जातं, 'तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर बघा.' या प्रत्येक वेळी त्याला नाही म्हणायचं असतं. पण कुठल्या तोंडानं म्हणणार?

आणि शिक्षकाचं काम तरी दुसरं काय असतं? मुलाच्या वहीवर लाल पेनानं जी फुली पडते, ती 'नाही, हे चुकलंय' असंच सांगते ना?

एका माणसाचा 'नाही' गेला तर फार बिघडत नाही. स्टाफरूमच्या स्टाफरूम तशा झाल्या की काय होतं, हे महाराष्ट्रानं एकदा मोजून पाहिलेलं आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना, मतदारांना लावतात तशी, शाई लावली गेली. पटावर होती पण वर्गात नव्हती अशी मुलं निघाली वीस लाखांच्या आसपास. काही खरोखर आजारी असतील, काही ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर असतील. बाकीची फक्त हजेरीपुस्तकात होती. त्यांच्या नावावर तुकड्या, तुकड्यांवर जागा, जागांवर पगार.

बातम्यांत तेव्हा संस्थाचालक आले. पण हजेरी कोण भरतं? वर्गशिक्षक. रोज सकाळी, स्वतःच्या अक्षरात, नसलेल्या मुलाच्या नावापुढे 'ह' लिहितो. त्यालाही एक कारण असतं, आणि ते नुसतं लोभाचं नसतं. पट घटला की शेजारच्या वर्गावरची बाई अतिरिक्त ठरते आणि तिची बदली होते. एखादं खोटं सहकाऱ्याची चूल टिकवण्यासाठी बोललं जातं. मला हे कारण खोट्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतं, कारण ते जवळजवळ पटतं. पण वर्गात बसलेल्या खऱ्या मुलांना पटावरची नावं ऐकू येतात. हाक कुणाला मारली आणि 'हजर' कुणीच म्हटलं नाही, हे चौथीतल्या मुलाला कळत नाही असं समजणं मोठ्यांच्या सोयीचं आहे.

डोनेशनला या भागात एक इतिहास आहे. अंकलीचा पूल ओलांडला की सांगली, वसंतदादा पाटलांचं गाव. स्वतः जेमतेम शिकलेल्या या मुख्यमंत्र्यांच्या सरकारनं १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली, आणि शेतकऱ्याची पोरं इंजिनिअर झाली ती त्यामुळेच. हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रवेशाला किंमत लागू शकते ही कल्पनाही तेव्हाच मुरली. कॅपिटेशन फी बंद करणारा कायदा राज्यानं १९८७ मध्येच केला होता. पद्धत राहिली, पावती गेली.

आणखी मागे गेलं तर लाज वाटावी असा हिशेब निघतो. जयसिंगपूर वसवलं शाहू महाराजांनी, वडील जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं. याच महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म इथून जवळच्या कुंभोजचा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. दागिने आजही मोडले जातात, शिक्षणाच्याच नावानं.

पण पूर्वज थोर होते असं म्हणून सुटका नाही. भरलेल्या माणसाचं काय करायचं, हा आजचा प्रश्न आहे. माझं मत सांगतो. तो दोषी आहे, बाकावरच्या माणसाचा दोषी आहे, आणि 'सगळेच भरतात' यानं तो दोष कमी होत नाही. पण त्याला बोलायला जागा हवी. आपण नेमकं उलट केलं. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली. लाच देणं हा स्वतंत्र गुन्हा झाला, सात वर्षांपर्यंत कैद. नाइलाजानं दिली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करायची, मग सूट. आधी देणाऱ्याच्या जबानीला जे संरक्षण होतं ते गेलं.

सात दिवस. ज्यानं जमीन विकून पैसे भरलेत आणि ऑर्डर अजून हातात पडायची आहे, तो सात दिवसांत पोलिसांत जाईल? आठव्या दिवसापासून तो आणि संस्थाचालक कायद्याच्या नजरेत एका बाजूला उभे. शिक्षक म्हणून त्याचं तोंड व्यवहारानं बंद केलं होतं, साक्षीदार म्हणून ते कायद्यानं बंद केलं. नाइलाजानं देणाऱ्याच्या बाबतीत तरी बसूंचं म्हणणं इथे लागू पडतं, खान्यांचा घोळ असूनही. त्याला वर्षानंतरही बोलता आलं पाहिजे. जागा सोडावी लागेल, ती सोडलीच पाहिजे. पण तुरुंगाची भीती नको.

तोवर एक छोटी गोष्ट करता येईल, आणि ती या गावाच्या स्वभावातही बसते. मुलाखत झाली की त्याच संध्याकाळी दारावर कागद लावायचा: प्रत्येक उमेदवाराचं शिक्षण, सेट-नेट, अनुभव, आणि शेजारी मुलाखतीला दिलेले गुण, देणाऱ्याच्या सहीसह. लोक म्हणतात, त्यानं काय होणार, ठरलेल्याला जास्त गुण देतील. देतील. पण मग बाकावरच्या पीएचडीवाल्या बाईंच्या नावापुढे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतील, एक तिनं मिळवलेला आणि एक समितीनं दिलेला, आणि दुसऱ्याखाली कुणाचं तरी नाव असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सहीवाल्याला त्याच रस्त्यानं दूध आणायला जायचं असेल.