एका धाग्याचा प्रश्न
तंतूंहून पट भिन्न आहे असे नैयायिक मानतात आणि तंतूंचा परस्परसंयोग हे त्या नव्या द्रव्याचे असमवायी कारण ठरवितात. परंतु लोकरीच्या अखंड धाग्याने बिनबोटी हातमोजा विणताना, अंगठ्याचे टाके वेगळ्या दोऱ्यावर अनामत ठेवून तळहाताचा भाग पुरा करीत असता, हा संयोग कोणाचा कोणाशी, हा प्रश्न मला खरोखर अस्वस्थ करतो. कारण येथे धागा स्वतःच्याच वेढ्यातून जातो. शेवटची गाठ सोडून ओढताच सारा मोजा उसवतो, लोकर मात्र तेवढीच राहते. कार्य कारणाहून भिन्न नाही हे दाखविण्यासाठी ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्यांनी गुंडाळलेल्या व पसरलेल्या पटाचा दृष्टांत दिला आहे. माझा कौल त्यांच्याच बाजूने. तथापि लोकरीच्या गुंड्याने मनगट झाकले जात नाही, हा नैयायिकांचा अर्थक्रियेचा आक्षेप मला अद्याप खोडता आलेला नाही.