समुद्रात राहिलेल्यांसाठी

नोव्हेंबर महिना आला की धर्मग्रामातील कुटुंबे आपल्या मृतांची नावे लिहून मिस्सासाठी आणून देतात. माझे मामा मात्र दरवर्षी एकच ओळ देतात : 'समुद्रात राहिलेल्यांसाठी'. नाव नाही, आडनाव नाही.

१९७१ च्या युद्धात मामा नौदलात होते. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला करून 'खैबर' ही पाकिस्तानी विनाशिका बुडवली. बातमी येताच मामांच्या जहाजावर जल्लोष झाला, तेही नाचले. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळ आपली 'खुकरी' पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ६७ जण वाचले. शोधासाठी गेलेल्या जहाजावर मामा होते. पाण्यातील माणसांना वर ओढताना त्यांच्या मनात आले : कराचीपुढेही माणसे अशीच तरंगत असतील, आणि आपण नाचलो!

"फादर, तो आनंद पाप होता का?" ओटीवर बसून मामांनी मला विचारले होते. तेव्हा मी नवाच धर्मगुरू होतो. "युद्धात असे व्हायचेच," असे म्हणून मी मोकळा झालो. आज ते उत्तर मला अपुरे वाटते. हे लिहिण्यास मामांची संमती आहे.

देशरक्षणासाठी शस्त्र धरणे हे पाप नव्हे. कर्तव्य निष्ठेने बजावणारा सैनिक शांतीचीच सेवा करतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले आहे. आपला किनारा सुरक्षित राहिला, याचा आनंद निर्दोष आहे. परंतु कुणाचा मुलगा बुडाला, याचा आनंद निर्दोष नाही. दुर्दैवाने हे दोन्ही आनंद एकाच हृदयात, एकाच क्षणी उसळतात. मामांना ते वेगळे करता आले, कारण त्यांनी माणूस पाण्यात पाहिला.

मग इतकी वर्षे ही आठवण का छळते? देवाची क्षमा मिळाली नाही म्हणून? मला तसे वाटत नाही. क्षमा अपराध पुसते, स्मृती पुसत नाही. जागी राहिलेली स्मृती हीदेखील कृपाच असू शकते. शत्रूवर प्रीती करा, ही प्रभूची आज्ञा ती आपल्याला विसरू देत नाही.

मामांच्या त्या ओळीत देश लिहिलेला नसतो. वेदीवर ती वाचताना 'खुकरी'चे आणि 'खैबर'चे नौसैनिक एकाच प्रार्थनेत येतात. या नोव्हेंबरात आपल्या यादीच्या शेवटी आपणही एक ओळ वाढवूया : ज्यांच्या मरणाचा आपल्याला कधी आनंद झाला, त्यांच्यासाठी.