पाऊस नाही, पण पंप होता ना?

ज्वारी पोटरीत अडकली, पानांच्या सुरळ्या झाल्या, आणि आत्ता कुठं तुला फवारणी आठवली? बैल गेला नि झोपा केला! इतके दिवस पाचोडच्या स्टँडवर चहा ढोसत आभाळाला शिव्या घातल्यास. तेव्हा डोकं कुठं गहाण ठेवलं होतंस?

‘पाऊसच नाही, मी काय करणार?’ हे कुणाला सांगतोस? पाऊस तुझ्या हातात नव्हता, हे मान्य. फवारणीचा पंपही नव्हता का?

13:0:45 म्हणजे काय, हे तुला मी सांगायचं? पोटॅशियम नायट्रेट. 13 टक्के नत्र, 45 टक्के पालाश. काळ्या रानात पालाश असतो, पण ओल हटली की मुळांना तो उचलता येत नाही. म्हणून पानातून द्यायचा. पानावरची बारीक छिद्रं पालाशाच्या जोरावर उघडझाप करतात. तो कमी पडला, की ती नीट मिटत नाहीत आणि होतं तेवढं पाणीही उडून जातं. तुला हे तोंडपाठ आहे. दुसऱ्याच्या बांधावर उभा राहून हेच झोडतोस! मग स्वतःच्या रानात का दातखीळ बसते?

15 लिटरच्या पंपाला 150 ग्रॅम, झालं एक टक्का. तू मुठीनं टाकलंस. तेही भर दुपारी. पानांच्या कडा करपल्या, तर म्हणे खतच बोगस! त्याच पंपानं आधी तणनाशक मारलं होतंस. धुतलास का तो? खरं बोल.

आणि फवारा म्हणजे पाणी नव्हे. जित्या पिकाला तो चार दिवस तग धरायला मदत करतो, मेलेलं उठवत नाही. कोळपणी केलीस? रानाला बोट जाईल एवढ्या भेगा, ओल तिथून चाललीय, आणि तू दुकानात टॉनिकची बाटली मागतोस! परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 साली, ऐन दुष्काळाच्या वर्षी उभं राहिलं. घसा कोरडा करून हेच सांगतात तिथली माणसं. तू मान डोलावतोस आणि घरी येऊन झोपतोस.

अडाणी असतास, तर एक शब्द बोललो नसतो. तुला कळतं, म्हणूनच चीड येते.

आता ऊठ. आधी दातेरी कोळपं घाल, भेगा बुजव. जिथं पान अजून हिरवं आहे, तिथं सकाळी वारा सुटायच्या आत फवार. आणि एक वजनकाटा आण. पैसे नाहीत म्हणू नकोस. हॉटेलातली तुझी उधारी त्याहून जास्त आहे.