चेतक: नामरूपाचा एक प्रश्न

नाव वस्तूच्या रूपाला लागते की रूपापलीकडच्या कशाला, हा भारतीय दर्शनांतला जुना प्रश्न आहे. नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला यात्रा भरते. बहुतेक ठिकाणी दत्त त्रिमुखी असतो, इथला एकमुखी आहे; तरी भाविकांच्या लेखी दैवत तेच. यात्रेतल्या नामांकित घोडेबाजाराला जोडून होणारा महोत्सव चेतकच्या नावाने ओळखला जातो. हे नाव १५७६ च्या हळदीघाटीच्या लढाईतल्या महाराणा प्रतापांच्या घोड्याचे.

तेच नाव १९७२ मध्ये बजाजने स्कूटरला दिले. तिची घडण इटलीच्या व्हेस्पा स्प्रिंटची होती: पत्र्याचे अखंड अंग, मागच्या चाकाशी टू-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठीत गिअर. २०१९ मध्ये विजेवरची चेतक पुढे आली आणि इंजिन गेले, गिअरही गेले.

अमेरिकेच्या फोर्ड मस्टँगमध्ये हा बदल अधिक ठळक दिसतो. १९६२ ची प्रायोगिक मस्टँग दोन आसनांची होती, इंजिन आसनांच्या मागे. आरेखक जॉन नजार यांनी हे नाव सुचवले ते याच नावाच्या लढाऊ विमानावरून, असे सांगितले जाते. १७ एप्रिल १९६४ रोजी लोकांसमोर आलेली गाडी मात्र फोर्डच्याच फाल्कनच्या पायावर उभी होती. आसने चार, इंजिन पुढे आणि दर्शनी जाळीवर धावता घोडा. रचना बदलली, नाव मात्र राहिले.

मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, रथ म्हणजे चाके, आस की जू? यांतले एकही रथ नव्हे. भाग जुळून आले की व्यवहारात रथ म्हणतात, इतकेच. पण चेतक आणि मस्टँगच्या बाबतीत भाग बदलले आणि जुळणीही बदलली. छांदोग्य उपनिषदातला मातीचा दृष्टान्तही इथे पुरत नाही. मातीची भांडी कितीही आकारांची असोत, त्या सगळ्यांत माती तीच असते. जुन्या-नव्या दोन्ही चेतक स्कूटरींचे अंग पत्र्याचेच आहे, पण केवळ पत्र्यामुळे त्या चेतक ठरत नाहीत.

सलग राहते ती माणसांची आठवण आणि त्या नावाशी जडलेला भाव. भाविकाला एकमुखी मूर्तीत दत्तच दिसतो, तोही याच बळावर. म्हणून जुने नाव नव्या यंत्राला देण्यात खोटेपणा नाही. चेतक घोडा ज्या निष्ठेसाठी ओळखला जातो, ती मात्र नावाबरोबर यंत्रात उतरत नाही, कारण निष्ठेला जीव लागतो. नाव हा व्यवहार आहे हे नागसेनाचे म्हणणे खरेच. त्या व्यवहाराचा आधार वस्तूत नसून स्मृतीत आहे, एवढी भर त्यात घालावी लागते.