स्थळमाहात्म्य आणि सत्य

गेल्या मार्गशीर्षांत मावशीला चिखलदरा दाखविण्याचा योग आला. तिचें वय झालें आहे आणि गुडघे दुखतात. परंतु कीचकाला मारून भीमानें जेथें हात धुतले तें कुंड एकदां डोळ्यांनीं पाहावें, अशी तिची फार दिवसांची इच्छा होती. परतवाड्याहून घाट चढून आम्ही वर आलों, तेव्हां धुकें नुकतेंच विरत होतें. जागा दाखविण्यासाठीं एक तरुण बरोबर घेतला. अशांना तेथें सर्वजण गाईड म्हणतात.

भीमकुंडाच्या कठड्याशीं उभें राहून त्यानें आपली कथा सांगितली. येथेंच विराटाची नगरी होती, येथेंच भीमानें कीचकाला चिरडलें, त्याचें प्रेत समोरच्या दरींत फेकलें आणि या कुंडांत हात धुतले. कीचकाचा दरा तोच चिखलदरा. खालीं निळसर काळें पाणी स्थिर होतें. मावशीनें चपला काढल्या आणि डोळे मिटून हात जोडले. नेमका येथें मला माझा धंदा आठवला. पंचवीस वर्षें इतिहास शिकविणाऱ्या मनुष्याला दुसऱ्याची चूक ऐकून गप्प बसणें कठीण जातें. मीं सांगितलें कीं, महाभारतांत कीचकवध नर्तनशाळेंत रात्रीच्या अंधारांत झाला, दरीचें तेथें नांवहि नाहीं. विराटाचा मत्स्यदेश येथून फार दूर, आणि त्याची राजधानी म्हणून विद्वान् लोक जयपूरकडील बैराट दाखवितात, जेथें अशोकाचा शिलालेखहि सांपडला आहे. जवळच उभ्या असलेल्या एका कुटुंबांतील मुलें त्या गाईडकडे पाहून हंसलीं. तो कांहीं बोलला नाहीं. कठड्यावरचा रंगाचा पोपडा नखानें काढीत राहिला.

मावशीनें मात्र डोळे उघडून विचारलें, “अरे, मग मी हात जोडूं तरी कोठें? आतां राजस्थानांत जाऊं?”

ज्या जागीं एखादी गोष्ट घडलीच नाहीं, त्या जागेला केलेला नमस्कार वायां जातो काय? आणि तो वायां जातो असें ज्याला वाटतें, त्यानें तें बोलून दाखवावें काय? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. परंतु त्या दिवशीं ते माझ्यापुढें एकदमच उभे राहिले, आणि दोहोंचीं उत्तरें मला वाटलीं होतीं तितकीं सोपीं निघालीं नाहींत.

कीचक एकाच ठिकाणीं मेला असता तर गोष्ट वेगळी होती. कृष्णाकांठचें आपलें वाई स्वतःला विराटनगरी म्हणवितें. कर्नाटकांतील हानगल तेंच म्हणतें. नेपाळांत झापा जिल्ह्यांत ‘कीचकवध’ या नांवाचेंच स्थळ आहे. रुक्मिणीचें माहेर वर्धेच्या तीरावरील कौंडिण्यपूर हें वऱ्हाडांत लहान मुलालाहि ठाऊक असतें. पण तिकडे अरुणाचलांत भीष्मकनगर नांवाचे भग्न तट उभे असून तेथील इदु मिश्मी लोक रुक्मिणीला आपल्या घरची लेक मानतात. कोरलेलें कोणतेंहि लेणें सांपडलें कीं तें पांडवांनीं एका रात्रींत केलेलें असतें, हा तर आपल्याकडचा नियमच आहे. इंग्रजी शिकलेल्या आमच्या वर्गाला याचें हंसूं येतें. परंतु गयेस विष्णुपदापुढें नाक मुरडणारा पदवीधर रोमला गेला म्हणजे काय करतो? शहराबाहेर आप्पियन मार्गावर एक लहानसें देऊळ आहे. नीरोच्या छळाला भिऊन पळून जाणाऱ्या पीटरला येथें ख्रिस्त भेटला आणि दगडावर त्याचीं पावलें उमटलीं, अशी आख्यायिका. त्या देवळांतील पावलें ही नक्कल आहे. मूळ दगड जवळच्याच सेंट सेबास्तियनच्या मंदिरांत ठेवलेला आहे. आणि तो मूळ दगडहि कोणा प्राचीन प्रवाशानें नवस फेडण्यासाठीं वाहिलेला असावा, असें अभ्यासकांचें मत आहे. एवढें सगळें ऐकूनहि आमचा पदवीधर त्या पावलांचें छायाचित्र घेतोच. त्याच रस्त्याखालीं पहिल्या ख्रिस्ती लोकांचीं भुयारी स्मशानें पसरलेलीं आहेत. त्यांत कित्येक कोनाड्यांवर मृताचें नांवसुद्धां नाहीं. तेथें मनुष्य पुरला होता, एवढेंच निश्चित.

आख्यायिका म्हणजे असत्यभाषण नव्हे, हें मला मान्य आहे. खोटें बोलणाऱ्याला खरें ठाऊक असतें आणि तें तो लपवितो. दरीला कीचकाचें नांव देणाऱ्यानें कांहीं लपविलेलें नाहीं. त्यानें एवढेंच म्हटलें कीं, परक्याच्या घरीं दासी होऊन राबणाऱ्या एका स्त्रीवर सेनापतीनें हात टाकला, राजा पाहत असूनहि गप्प बसला, आणि तरीहि त्या सेनापतीला शिक्षा झाली. ती शिक्षा आमच्या डोंगरांत झाली. डोंगरांतून मजुरीला खालीं उतरणाऱ्या बायकांना ही कथा जयपूरकडची वाटली असती तर ती कदाचित् त्यांच्या उपयोगीच पडली नसती. या दृष्टीनें पाहतां मावशीचा नमस्कार योग्य पत्त्यावर पोंचला होता, आणि माझी दुरुस्ती खरी असूनहि अस्थानीं होती.

‘भाव तेथें देव’ म्हणून येथेंच थांबतां आलें असतें. परंतु याच अमरावती जिल्ह्यांत रिद्धपूर आहे, आणि रिद्धपूर या सोप्या उत्तराला आड येतें. महानुभावांनीं मूर्तिपूजा मानली नाहीं. त्यांनीं मानलें तें स्थान. श्रीचक्रधर जेथें बसले, जेथें निजले, जेथें उभे राहिले, त्या त्या जागीं ओटा बांधून ते त्याला नमस्कार करतात. म्हणून जागा खरी असणें हा त्यांच्या लेखीं धर्माचाच भाग झाला. ‘स्थानपोथी’ उघडून पाहावी : कोणतें गांव, गांवाच्या कोणत्या दिशेला, देवळाच्या कोणत्या अंगाला, हें सारें एखाद्या मोजणीदाराच्या काटेकोरपणानें टिपलेलें आहे. म्हाइंभटानें तेराव्या शतकांत ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें तें गांवोगांव हिंडून, ज्यानें पाहिलें ऐकलें त्यालाच गांठून आणि विचारून. आमच्या भाषेंतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ मुळांत साक्षी तपासून लिहिलेला आहे, याचा आम्हां इतिहासाच्या मास्तरांना वाटतो त्याहून अधिक अभिमान वाटावयास हवा. म्हाइंभट भीमकुंडावर असता तर त्या तरुणाला त्यानें निश्चितच विचारलें असतें, “हें तुला कोणीं सांगितलें?” मीं तें विचारलें नाहीं. मीं फक्त त्याची चूक सांगितली.

असे उलटसुलट विचार मनांत घोळत असतांनाच आम्ही गाविलगडावर गेलों.

गड मूळचा गवळ्यांचा म्हणतात. नांवहि त्यांवरूनच पडलें. फिरिश्ता सांगतो कीं, बहामनी सुलतान अहमदशहानें १४२५ सालीं तो बांधविला. पुढें १४८८ त फत्तेउल्ला इमादउल्मुल्कानें त्याची मोठी दुरुस्ती केली. हा फत्तेउल्ला जन्मानें विजयनगरकडील ब्राह्मणाचा मुलगा. लढाईंत पकडला जाऊन मुसलमान झाला आणि अखेर वऱ्हाडांत इमादशाहीचा संस्थापक ठरला. दिल्ली दरवाजावर सिंह आणि हत्ती आहेत, त्यांतच दोन तोंडांचा गंडभेरुंडहि आहे. विजयनगरच्या मुलखांतला हा पक्षी वऱ्हाडच्या दगडावर पाहिला कीं, लहानपणीं हिरावलेल्या मुलाला काय काय आठवत असेल, असा विचार मनांत येतो. पण हाहि माझा तर्कच. मीहि एक प्रकारचा गाईडच आहें.

आमच्या गाईडनें दरवाजा दाखविला, पक्षी दाखविला, तळें आणि पडकी मशीद दाखविली, आणि गवतांत पडलेल्या तोफेजवळून तो तसाच पुढें निघाला. मीं विचारलें, “आणि १८०३ ची लढाई?”

तो सकाळपासून माझ्याशीं जपूनच बोलत होता. थोडा घुटमळून म्हणाला, “सर, आज्यानं सांगतलं तेच मी सांगतो. लढाईचं आमाले कोनी सांगतलंच नाही. अन् सांगतलं तरी लोकं पयले विचारते, कोन जिकलं? आपन हारलो म्हनलं का मंग पुढं चालाले लागते.”

यांत त्याचा काय दोष? त्याला श्रोत्यांची पारख माझ्याहून अधिक होती.

तेव्हां मीं सांगितलें. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अकोल्याकडे अडगांवला भोसल्यांच्या सैन्याचा मोड झाला आणि उरलेल्यांतले पुष्कळ या गडाच्या आश्रयाला आले. आर्थर वेलस्ली दक्षिणेच्या बाजूनें आला. कर्नल स्टीव्हन्सनच्या लोकांनीं डोंगरांतून वाट काढीत, स्वतः तोफा ओढीत उत्तरेकडून मोर्चे लावले. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारांतून फौज आंत घुसली. आंतला तट अजून शाबूत होता. त्याला शिड्या लावून एक तुकडी वर चढली आणि तिनें आंतून दरवाजा उघडला. त्यानंतर जें झालें त्याला लढाई म्हणणें कठीण. पळावयास वाट नसलेले लोक दरवाजांत आणि कड्यांवर कापले गेले. किल्लेदार बेणीसिंग या रजपुताचें प्रेत एका दरवाजाजवळ मृतांच्या राशींत सांपडलें. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं आपल्या बायकामुलींना आधींच मारून टाकण्याचें ठरविलें होतें. तें काम अर्धवट राहिलें. कांहीं जणी मेल्या, कांहीं जखमी होऊन जगल्या. दोन दिवसांनीं, १७ डिसेंबरला, देवगांवचा तह झाला.

हें सांगत असतां माझ्या लक्षांत आलें कीं, ही हकीकत मीं इतकीं वर्षें वर्गांत एका वाक्यांत उरकीत आलों आहें : असई, अडगांव, गाविलगड, देवगांवचा तह. वेलस्लीच्या चरित्रांत ती वॉटर्लूकडे जाणारी एक पायरी आहे. त्याच्या छावणींत त्या वेळीं मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता, आणि पुढें त्याच्याच नांवाच्या विद्यालयांतून आमच्या इंग्रजी शिक्षणाचा ओघ वाहिला. म्हणजे हा गड आम्हीं त्यांच्याच बाजूच्या टेकडीवर उभें राहून पाहिला. विलायतेंतील वाचकाला गाविलगड ठाऊक असलाच तर तो बर्नार्ड कॉर्नवेलच्या १९९९ मधील कादंबरीमुळें, आणि तिचा नायक शार्प हा तर कधीं जन्मलाच नाहीं. न झालेल्या मनुष्याच्या पराक्रमाच्या आधारानें झालेल्या मनुष्यांचें मरण आठवावें, ही गंमत कीचकाच्या गंमतीहून फारशी वेगळी नाहीं.

मग मीं सकाळीं केलेल्या दुरुस्तीचें वजन किती? भीमकुंडावर एक अधिक गोष्ट सांगितली गेली होती, आणि तिनें कोणाचें कांहीं गेलें नव्हतें. गडावर एक गोष्ट कमी सांगितली जात होती. तीबद्दल मात्र माझ्यासकट कोणाचीहि तक्रार नव्हती. सत्याची चाड म्हणून जी वस्तु आपण मिरवितों, ती बहुधा असा भर घातलेला पाहून चवताळते. गाळलेलें तिला दिसतच नाहीं. येथें जागेविषयीं कसलाहि संशय नाहीं. दरवाजा तोच आहे, दगड तेच आहेत. म्हाइंभटाच्या कसोटीला उतरेल असें हें स्थान, आणि याला एक ओटासुद्धां नाहीं!

यावर कोणी म्हणेल कीं, मेलेल्यांना काय त्याचें? आणि ते तरी कोण मोठे धर्मवीर होते? हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. निजाम आणि भोसले यांच्या दुअमलींत वऱ्हाडचा कुणबी दोन्हींकडून पिळला जात होता. त्याच साली फौजांनीं मुलूख तुडविला आणि पाठोपाठ भयंकर दुष्काळ पडला. गडाखालच्या गांवांना बेणीसिंगाच्या मरणाचें फारसें दुःख झालें असेल, असें मला वाटत नाहीं. हल्ला करणाऱ्यांतहि आपल्याच देशाचे शिपाई होते आणि तेहि मेले. म्हणून ‘आपले’ आणि ‘परके’ अशी वांटणी करून येथें वीरपूजेचा दगड उभारावा, असें मी म्हणत नाहीं. त्या दगडापुढेंहि लवकरच नवी दंतकथा सुरू होईल.

मी हें सारें सांगत असतां मावशी एका चिऱ्यावर टेकली होती. तिनें मध्येंच विचारलें, “त्या बायकांचें पुढें पाणी कोणीं घातलें असेल?” आमच्या तर्पणांत आपल्या पितरांनंतर, ज्यांना कोणी नाहीं अशांसाठींहि एक ओंजळ सोडतात. लहानपणीं मला ती ओंजळ म्हणजे उरलेलें पाणी टाकून देण्याची युक्ति वाटे. ज्यांचा जयपराजय आपला नाहीं, ज्यांचें कुळ आपल्याला ठाऊक नाहीं, त्यांचेंहि आपण कांहीं देणें लागतों, असें कोणीतरी फार पूर्वीं ठरवून ठेविलें होतें, आणि तें देण्यासाठीं ‘कोण जिंकलें’ हें विचारावें लागत नव्हतें. परंतु ओंजळीलाहि ते होते एवढें तरी कळावें लागतें, आणि तें कळविणें हें काम गाईडचें आणि माझें.

परततांना मीं त्या तरुणाला सकाळबद्दल क्षमा मागितली. तो अवघडला, क्षमा वगैरे ऐकण्याची संवय त्याला दिसली नाहीं. पैसे खिशांत घालून तो दोन पावलें गेला आणि परत आला.

“सर, त्या किल्लेदाराचं नाव अजून एक डाव सांगा.”

मीं सांगितलें. त्यानें तें ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलें. तेवढ्यांत खालीं आणखी एक मोटार येऊन थांबली, आंतून कोणी तरी कीचकाची दरी कोणती म्हणून हांक मारून विचारलें, आणि तो तिकडे धांवला.