अरिष्ट

आपल्या भाषेला विनोदबुद्धी नाही असं म्हणणाऱ्यांना मी 'अरिष्ट' हा शब्द दाखवतो. घरादारावर कोसळतं तेही अरिष्ट आणि जेवणानंतर पाणी घालून चार चमचे घ्यायचं तेही अरिष्टच!

हे आठवायला निमित्त झालं आमच्या भाच्याचं. पुण्यात जागच्या जागी बिअर बनवणाऱ्या एका ठिकाणी तो कामाला आहे. "मामा, हॉप्सऐवजी हिरडा, सुंठ आणि गवती चहा घातलाय. हिरडा खास आपल्या जुन्नरकडचा," असं म्हणून त्यानं पेला पुढे केला. गावाचं नाव काढल्यावर नाही कसं म्हणणार? आधी सुंठेनं घशाला चटका दिला, मग गवती चहानं समजूत घातली आणि शेवटी हिरड्यानं जीभ टाळूला अशी चिकटवली, की "कशी आहे?" या प्रश्नाला मला उत्तरच देता येईना. भाच्याला वाटलं, मामा भारावले. सहा रसांपैकी खारट सोडून पाचही रस हिरड्यात असतात, असं वैद्य सांगतात. राहिलेला सहावा रस मी बशीतल्या खाऱ्या दाण्यांतून घेतला.

पण चव ओळखीची होती. आमच्या आजीच्या अभयारिष्टाची! आजी कडक. दारू हा शब्दही तिनं कधी उच्चारला नाही, 'ते' म्हणायची. आणि अभयारिष्टाची बाटली देवघराशेजारच्या कोनाड्यात. आता कृती पाहा. अभया म्हणजे हिरडा. हिरडा, मनुका, वावडिंग यांचा काढा करायचा, गूळ घालायचा, धायटीची फुलं टाकायची आणि भांड्याचं तोंड बंद करून महिनाभर आंबू द्यायचं. अरिष्टात मद्यार्क बाहेरून घालावा लागत नाही, तो आपला आपण तयार होतो. बाटलीवर तसं छापलेलंही असतं, पण आजीचा चष्मा तेवढ्यापुरता नेमका सापडत नसे.

म्हणजे भाच्यानं नवं काही केलं नव्हतं. युरोपातही हॉप्सची फुलं सर्वत्र रुळण्यापूर्वी कितीतरी शतकं बिअरमध्ये रानातला पालाच पडत असे. 1516 साली बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी हुकूम काढला, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. झालं! कालपर्यंतची बिअर दुसऱ्या दिवसापासून तिथे भेसळ ठरली.

आपलं सरकार त्याहून प्रेमळ. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो आणि तो मिळतो कशासाठी, तर प्रकृती सांभाळण्यासाठी! सरकारी कागदावर आपण सारे रुग्णच. 1949च्या दारूबंदी कायद्याच्या तावडीत मद्यार्क असलेली औषधंही सापडली होती. 1951 साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती सोडवली. आजीच्या कोनाड्याला घटनेचं संरक्षण मिळालं.

मात्र त्याच कायद्यानं मोहाच्या फुलांवरही नियंत्रण आणलं होतं, आणि इथं माझी गंमत जराशी आटते. कारण अभयारिष्टाच्या ग्रंथोक्त पाठात मोहाची फुलं आहेत. तीच फुलं एखाद्या पाड्यावर मडक्यात आंबली की दारात पोलीस उभा. वैद्याच्या भांड्यात ती औषध, मडक्यात गुन्हा!

यावर कुणी म्हणेल, अहो, हेतू पाहा. आजी पोटासाठी घेत होती. कबूल. पण दिवसभर डोंगर चढून आलेला माणूस अंग दुखतं म्हणून घेतो, त्याचा हेतू कुणी विचारला? प्रमाण पाहा म्हणाल, तर तेही कबूल; चार चमच्यांनी कुणाचा संसार बुडत नाही, मडक्यांनी बुडतात आणि पेल्यांनीही बुडतात. दारू वाईट नाही असं मी म्हणत नाहीच. माझं म्हणणं एवढंच, की मोजायचं तर एकाच मापानं मोजा. आपण आधी बाटली कुणाच्या घरातली ते पाहतो आणि मग माप निवडतो.

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला, आहुपे-नाणेघाटाच्या बाजूला, महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करतात. कोवळी फळं काढायची, उन्हात काळी होईतो वाळवायची आणि पोत्यात भरून विकायची. 2020च्या जूनमधल्या निसर्ग वादळात तिकडची हिरड्याची झाडं मोडली, ते खरं अरिष्ट. त्या बाईच्या पोत्यातला हिरडा डोंगर उतरला की कारखान्यात औषध होतो, शहरात नव्या चवीची बिअर होतो आणि प्रत्येक वळणावर त्याची किंमत आणि अब्रू वाढत जाते. तिच्या घरच्या मडक्याच्या वाट्याला मात्र दोन्ही येत नाहीत. आंबणं सगळीकडे सारखंच. ज्याला बाटलीवर चिठ्ठी छापून डकवता येते त्याचं ते औषध. बाकीच्यांची ती दारू.